अखंड चालणारा सर्व्हर आणि मेमरीची गळती

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क झाला आहे. यांपैकी अनेक सेवांचे अर्ज आता वेबसाइटवरून स्वीकारले जातात. अर्ज भरणारा शेतकरी असो, विद्यार्थी असो वा सेवा केंद्रातील चालक असो, त्याच्या संगणकाच्या पडद्यामागे दूर कोठेतरी एक सर्व्हर रात्रंदिवस काम करीत असतो. तो थांबला की, "सर्व्हर डाऊन आहे" एवढेच उत्तर नागरिकाच्या हाती पडते. त्यापुढे कोणी विचारीत नाही आणि बहुधा कोणाला सांगताही येत नाही.

सर्व्हर बंद पडण्यास अनेक कारणे असू शकतात. वीज जाते, जोडणी तुटते, अर्जाच्या शेवटच्या दिवशी एकदम गर्दी उसळते. ही कारणे उघड दिसणारी आहेत. परंतु एक कारण असे आहे की, ते यंत्रणा सुरू केल्याच्या दिवशी कोठेही आढळत नाही. पहिले काही दिवस काम सुरळीत चालते, मग हळूहळू मंदावते आणि अखेरीस ठप्प होते. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की सर्व काही पूर्ववत होते आणि काही दिवसांनी तीच तक्रार पुन्हा उद्भवते. या विकाराला संगणकशास्त्रात मेमरी लीक, म्हणजे मेमरीची गळती, असे म्हणतात. ज्यांच्यावर अशा यंत्रणा तयार करून घेण्याची, स्वीकारण्याची किंवा चालविण्याची जबाबदारी येते, त्यांनी तिचे स्वरूप समजून घेणे उपयुक्त ठरेल.

गळती म्हणजे नेमके काय?

संगणक काम करीत असताना हाताशी लागणारी माहिती ज्या जागेत ठेवतो, ती त्याची मेमरी होय. कायमस्वरूपी साठवणुकीची डिस्क वेगळी व ही कामापुरती जागा वेगळी. ही जागा मर्यादित असते आणि तिचे वाटप ऑपरेटिंग सिस्टीम करते. एखाद्या आज्ञावलीला जागा हवी असेल तर तिने ती मागून घ्यावयाची आणि काम संपल्यावर परत करावयाची, असा हा व्यवहार आहे.

कार्यालयाच्या भांडाराशी याची तुलना करता येईल. भांडारपाल मागणीपत्र पाहून वस्तू देतो व नोंदवहीत लिहितो. वस्तू परत आली की नोंद वजा होते. समजा, प्रत्येक बैठकीसाठी चार खुर्च्या नेल्या जातात, परंतु परत तीनच येतात. चौथी खुर्ची चोरीला गेलेली नसते. ती कोठेतरी कोपऱ्यात पडून असते व नोंदवहीत "दिलेली" म्हणून दिसत राहते. कोणी ती वापरीत नाही आणि दुसऱ्या कोणाला ती देताही येत नाही. पुरेशा बैठका झाल्या की भांडार रिकामे होते. मेमरीची गळती ही अगदी अशीच असते. गुप्त माहिती बाहेर फुटणे हा निराळा प्रकार आहे. येथे काहीही बाहेर जात नाही. घेतलेली जागा परत केली जात नाही, एवढेच घडते.

वेब सर्व्हरला हा विकार का जडतो?

घरच्या संगणकावर एखादी आज्ञावली तासाभरासाठी चालते व बंद होते. बंद होताच ऑपरेटिंग सिस्टीम तिने घेतलेली सर्व जागा काढून घेते. त्यामुळे लहानसहान गळती लक्षातही येत नाही. वेबच्या प्रारंभीच्या काळात सर्व्हरचेही असेच होते. १९९३ मध्ये पुढे आलेल्या सीजीआय पद्धतीत प्रत्येक विनंतीसाठी एक स्वतंत्र आज्ञावली चालू होई व उत्तर देऊन संपून जाई. ही पद्धत संथ व खर्चिक होती, परंतु तिच्यात साफसफाई आपोआप होत असे.

वाढत्या गर्दीला ही पद्धत पुरी पडेना. तेव्हा एकदा चालू झालेली आज्ञावली बंद न करता तिच्याकडूनच हजारो, लाखो विनंत्यांचे काम करून घेण्याची रीत आली. वेग वाढला, परंतु त्याबरोबर आपोआप होणारी साफसफाईही गेली. प्रत्येक विनंतीनंतर उरलेला कचरा आता पुढच्या विनंतीच्या वाट्याला येऊ लागला.

साध्या हिशोबाने हे स्पष्ट होईल. समजा, प्रत्येक विनंतीमागे केवळ २ किलोबाइट जागा परत करावयाची राहून जाते. दर सेकंदाला सरासरी १० विनंत्या येत असतील तर सेकंदाला २० किलोबाइट व २४ तासांत सुमारे १.७ गीगाबाइट जागा अडकून पडते. सर्व्हरवर ८ गीगाबाइट जागा मोकळी असेल तर ती पाचव्या दिवशी संपेल. प्रवेशप्रक्रियेच्या हंगामात विनंत्या दुप्पट झाल्या तर तीच जागा तिसऱ्या दिवशी संपेल. म्हणजे ज्या काळात सेवेची निकड अधिक, त्याच काळात ती अधिक लवकर कोसळेल. "गर्दीमुळे सर्व्हर पडला" असे म्हणून विषय संपविल्यास खरे कारण तसेच दडून राहते.

जागा संपत आली की सर्व्हर लगेच थांबत नाही. तो प्रथम डिस्कचा काही भाग मेमरीसारखा वापरू लागतो, आणि डिस्क मेमरीच्या तुलनेने फार मंद असल्यामुळे प्रत्येक काम रखडते. अखेरीस लिनक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टीम उर्वरित यंत्रणा वाचविण्यासाठी बहुधा सर्वांत जास्त जागा अडविणारी आज्ञावलीच बंद करून टाकते. अर्धवट भरलेले अर्ज अशा वेळी वाया जाण्याची शक्यता असते.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचा धडा

अशी गळती किती महाग पडू शकते, याचे एक नोंदले गेलेले उदाहरण लंडनमधील आहे. ती यंत्रणा वेबवरील नव्हती, परंतु अखंड चालणारी व असंख्य लहान मागण्या हाताळणारी होती. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने १९९२ मध्ये दूरध्वनी घेणे व रुग्णवाहिका रवाना करणे यांसाठी संगणकीय व्यवस्था सुरू केली. २६ व २७ ऑक्टोबर रोजी तिच्यात मोठा गोंधळ उडाला. त्याची कारणे वेगळी व अनेक होती. त्यानंतर संगणकाचा वापर काही अंशी कमी करून काम चालविण्यात येत होते. ४ नोव्हेंबर १९९२ च्या पहाटे मात्र संपूर्ण व्यवस्थाच बंद पडली.

फेब्रुवारी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात याचे कारण नमूद आहे. सुमारे तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्तीचे काम करताना आज्ञावलीचा एक लहानसा भाग अनवधानाने तसाच राहून गेला होता. प्रत्येक वेळी रुग्णवाहिका रवाना केली की त्यामुळे फाइल सर्व्हरची थोडीशी मेमरी अडकून पडे व मोकळी होत नसे. तीन आठवड्यांत ती सर्व संपली. पर्यायी सर्व्हरने अशा वेळी काम हाती घेणे अपेक्षित होते, परंतु त्या व्यवस्थेची पुरेशी चाचणी झालेली नव्हती व ती ऐनवेळी उपयोगी पडली नाही. कर्मचाऱ्यांना कागद व दूरध्वनीवर परतावे लागले.

या घटनेतून दोन गोष्टी ध्यानात येतात. चूक अतिशय किरकोळ होती, आणि दुरुस्ती झाल्याच्या दिवशी घेतलेली कोणतीही चाचणी यशस्वीच ठरली असती. दोष प्रकट व्हावयास तीन आठवडे लागणार होते.

गळतीची उगमस्थाने

१९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी विकसित केलेल्या सी भाषेत जागा मागणे व परत करणे या दोन्ही गोष्टी प्रोग्रॅमरलाच लिहाव्या लागतात. सर्व काही सुरळीत पार पडले तर जागा परत होते, परंतु मध्येच काही अडचण आली व काम अर्ध्यावर सोडावे लागले तर परतीची ओळ गाठलीच जात नाही. बऱ्याच गळत्या अशा अडचणीच्या आडवाटेवर दडलेल्या असतात.

यावर उपाय म्हणून निरुपयोगी जागा शोधून आपोआप मोकळी करण्याचे तंत्र जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठी योजिले. त्याला गार्बेज कलेक्शन, म्हणजे कचरा-संकलन, म्हणतात. १९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेने ते सर्वत्र रूढ केले. तेव्हापासून "आता गळती होऊच शकत नाही" असा समज पसरला. तो खरा नाही. ज्या वस्तूकडे आज्ञावलीतील कोणाचाही निर्देश उरलेला नाही, तीच वस्तू संकलक उचलतो. जुन्या धारिकेची नोंद एखाद्या यादीत शिल्लक असेल तर ती धारिका नष्ट करता येत नाही, त्याचप्रमाणे कोठेतरी विसरलेला एक निर्देश पुरेसा असतो. त्याच्या आधारे मोठा साठा वर्षानुवर्षे जागा अडवून बसू शकतो.

वेब सर्व्हरवर असे विसरलेले निर्देश पुढील ठिकाणी वारंवार आढळतात.

पहिले ठिकाण म्हणजे कॅश. वारंवार लागणारी माहिती पुन्हा पुन्हा डेटाबेसमधून आणावी लागू नये म्हणून ती हाताशी ठेवली जाते. मात्र ठेवण्याला मर्यादा व काढून टाकण्याला नियम नसेल तर ती वाढतच जाते.

दुसरे म्हणजे सत्र. लॉग इन केलेल्या प्रत्येक व्यक्तीसाठी सर्व्हर काही माहिती सांभाळतो. पुष्कळ लोक बाहेर पडण्याचे बटन न दाबताच निघून जातात. सत्राची मुदत फार लांब ठेवली, किंवा ठेवलीच नाही, तर निघून गेलेल्यांचे सामान सर्व्हर जपत बसतो.

तिसरे म्हणजे थ्रेडजवळ ठेवलेली माहिती. सर्व्हर ठरावीक संख्येचे थ्रेड आळीपाळीने सर्व विनंत्यांसाठी वापरतो. एका विनंतीच्या वेळी थ्रेडच्या झोळीत टाकलेली वस्तू शेवटी काढली नाही तर ती तेथेच राहते. जागा अडते हा एक तोटा झाला. एका नागरिकाची माहिती दुसऱ्याच्या विनंतीत मिसळण्याचा धोकाही यात असतो.

चौथे म्हणजे डेटाबेसच्या जोडण्या. या मोजक्याच असतात. काम झाल्यावर जोडणी परत केली नाही तर मेमरी भरपूर असूनही सर्व्हर ताटकळत उभा राहतो. हा गळतीचाच सख्खा भाऊ होय.

गळती ओळखावी कशी?

मेमरीचा वापर वाढला म्हणजे गळतीच झाली, असे नाही. लिनक्स ही मोकळ्या पडलेल्या जागेत फाइलींच्या प्रती ठेवते व मागणी येताच ती जागा परत देते. म्हणून "रिकामी" जागा किती यापेक्षा "उपलब्ध" जागा किती, हा आकडा पाहावा लागतो. तसेच सर्व्हर नुकताच चालू केला असेल तर कॅश भरेपर्यंत वापर वाढणे स्वाभाविक आहे.

कचरा-संकलन असलेल्या भाषेत वापराचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. वापर वाढत जातो व संकलन होताच खाली येतो. येथे दात्यांच्या टोकांकडे पाहून उपयोग नाही. पूर्ण संकलनानंतर वापर जेथवर खाली येतो ते तळ पाहावयास हवेत. ते दिवसेंदिवस एकाच पातळीवर असतील तर चिंता नाही. सोमवारच्या तळापेक्षा मंगळवारचा वर, त्यापेक्षा बुधवारचा वर, असे दिसले आणि रात्री रहदारी ओसरल्यावरही वापर उतरला नाही, तर गळतीची शंका घ्यावी. ज्या दिवशी चढ सुरू झाला त्या दिवशी आज्ञावलीत काय बदल केला होता, हे तपासले की निम्मे काम होते. म्हणून प्रत्येक बदलाची तारीख नोंदलेली असणे महत्त्वाचे आहे.

पुढचा टप्पा म्हणजे जागा कोणी अडविली, हे शोधणे. मेमरीत त्या क्षणी काय काय आहे याचे पूर्ण चित्र घेता येते. काही तासांच्या अंतराने दोन चित्रे घेऊन त्यांची तुलना केली असता कोणत्या प्रकारच्या वस्तूंची संख्या वाढत आहे व त्यांना कोणी धरून ठेवले आहे, ते उघड होते. जावासाठी एक्लिप्स मेमरी अॅनालायझर, सी भाषेसाठी व्हॅलग्रिंड आणि पायथॉनमध्ये २०१४ पासून अंतर्भूत असलेले ट्रेसमॅलॉक ही यासाठी वापरली जाणारी साधने आहेत. शिल्लक किती वाढली हे पाहण्यापेक्षा ती कोणाच्या नावावर आहे हे पाहणे, हेच या तपासाचे सूत्र होय.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. असे चित्र घेताना सर्व्हर काही काळ थबकतो, म्हणून तो आधी रहदारीतून बाजूला काढावा. शिवाय त्या चित्रात नागरिकांची नावे, मोबाइल क्रमांक व अर्जातील तपशील जसेच्या तसे उतरलेले असू शकतात. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्रीय कायदा संमत झालेला आहे. अशी फाइल ईमेलने इकडेतिकडे पाठविणे किंवा कंत्राटदाराच्या खासगी संगणकावर ठेवणे योग्य नव्हे. तपास संपताच ती नष्ट करावी.

तात्पुरता उपाय व कायमचा उपाय

सर्व्हर ठरावीक वेळी पुन्हा चालू करणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे व तो त्याज्य मानण्याचे कारण नाही. अपाचे या सर्व्हरमध्ये त्यासाठी सोयच ठेवलेली आहे. ठरावीक जोडण्या हाताळल्यावर प्रत्येक उपप्रक्रिया स्वतःहून संपते व तिच्या जागी नवी उभी राहते. अनवधानाने राहिलेल्या गळतीवर मर्यादा पडावी, हाच या तरतुदीचा हेतू आहे. अशा वेळी सर्व प्रक्रिया एकाच क्षणी बंद होणार नाहीत, हे मात्र पाहावे लागते. शिवाय अपाचेच्या रचनेत प्रत्येक विनंतीसाठी जागेचा वेगळा साठा असतो व विनंती संपताच तो एकदम मोकळा केला जातो. परत करण्याची जबाबदारी विखुरलेली न ठेवता एका ठिकाणी आणण्याची ही रीत अनुकरणीय आहे.

परंतु पुन्हा चालू करण्याच्या सवयीने मूळ दोष दुर्लक्षित राहतो. टाकीला भेग पडली असता रोज सकाळी ती भरून घेतल्याने दिवस निभावतो, भेग मात्र रुंदावत जाते. म्हणून जेव्हा जेव्हा सर्व्हर पुन्हा चालू करावा लागेल, तेव्हा त्याची तारीख, वेळ व त्या क्षणाचा मेमरीचा वापर नोंदवहीत लिहिला जावा. या नोंदींतील अंतर कमी होत चालले असेल तर दोष वाढत असल्याचा तो पुरावा असतो.

देखरेख केवळ मुख्य आज्ञावलीची करून भागत नाही, हे अॅमेझॉनच्या संगणकसेवेत २२ ऑक्टोबर २०१२ रोजी घडलेल्या प्रसंगाने दाखवून दिले. अमेरिकेतील उत्तर व्हर्जिनिया येथे साठवणुकीच्या सर्व्हरांवर माहिती गोळा करणारी एक दुय्यम आज्ञावली चालत असे. तिची माहिती स्वीकारणारा एक सर्व्हर बिघडल्याने बदलण्यात आला, परंतु नव्या सर्व्हरचा पत्ता काही यंत्रांपर्यंत पोहोचलाच नाही. ती यंत्रे जुन्या सर्व्हरशी संपर्काचा प्रयत्न करीत राहिली आणि या निष्फळ प्रयत्नांत तिच्यातील सुप्त गळती जागी झाली. दुय्यम आज्ञावलीने मुख्य कामाची मेमरी खाऊन टाकली व त्यावर अवलंबून असलेल्या अनेक वेबसाइट विस्कळीत झाल्या. एकूण मेमरीवर देखरेख होती, तरी इशारा मिळाला नाही, कारण ती यंत्रे एरवीही आपली जवळजवळ सर्व मेमरी वापरीत असत. दोष दुरुस्त करण्याबरोबरच दुय्यम आज्ञावल्यांना मेमरीची कमाल मर्यादा घालून देण्याचे कंपनीने त्यानंतर ठरविले.

यंत्रणा स्वीकारताना

एखाद्या कार्यालयासाठी वेब आज्ञावली तयार होते तेव्हा तिचे प्रात्यक्षिक दालनात तासाभरात पार पडते. त्या अवधीत ५०० विनंत्या झाल्या असे मानले, तर वरील उदाहरणातील गळती केवळ १ मेगाबाइटची ठरेल. ती कोणाच्याही नजरेस येणार नाही. याउलट सेकंदाला १०० या वेगाने कृत्रिम विनंत्या पाठविल्या तर पावणेतीन तासांत १० लाख विनंत्या पूर्ण होतात आणि तीच गळती २ गीगाबाइटची होऊन समोर उभी राहते. म्हणजे गळती शोधण्यास महिने लागत नाहीत. योग्य चाचणी मागण्याची तेवढी गरज असते.

त्या दृष्टीने करारात व स्वीकृतीच्या अटींत काही बाबींचा स्पष्ट उल्लेख असावा. अपेक्षित रहदारीइतक्या भारावर यंत्रणा सलग काही दिवस चालवून मेमरीचा आलेख सादर करावा. चाचणीत चुकीचे अर्ज, मध्येच तुटलेली जोडणी व बंद पडलेला डेटाबेस यांचाही समावेश असावा, कारण गळती अशाच आडवाटेवर असते. कॅशची कमाल मर्यादा व सत्राची मुदत लेखी नमूद असावी. मेमरी संपण्याआधीच इशारा मिळेल अशी सूचनायंत्रणा असावी आणि तो इशारा कोणाकडे जाणार, त्या पदाचा उल्लेख असावा. पर्यायी सर्व्हर खरोखर काम हाती घेतो की नाही, याची चाचणी केवळ प्रारंभी न करता ठरावीक काळाने पुन्हा घ्यावी. दुरुस्तीनंतर यापैकी दीर्घ चाचणी पुन्हा करणे बंधनकारक असावे. लंडनमधील दोष मूळ आज्ञावलीत नव्हता, तो नंतरच्या दुरुस्तीबरोबर आला होता.

ग्रामपंचायतीच्या स्तरावर सर्व्हरची व्यवस्था नसते, परंतु तेथील नोंदींचा उपयोग मोठा आहे. सेवा कोणत्या दिवशी, कोणत्या वेळेपासून मंद झाली आणि केव्हा पूर्ववत झाली, एवढे जरी नियमाने लिहून वरिष्ठ कार्यालयास कळविले, तरी दर पाचव्या दिवशी परत येणारा दोष त्या नोंदींतून ओळखता येतो. नुसत्या "सर्व्हर डाऊन" या शेऱ्यावरून तो कधीच कळणार नाही. शिक्षकांनाही हा विषय वर्गात घेता येईल. घेतलेली वस्तू परत ठेवण्याचा नियम आज्ञावलीत कसा लिहावा आणि काम अर्ध्यावर सुटले तरी तो कसा पाळला जावा, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकविले गेले, तर पुढे त्यांनी लिहिलेल्या यंत्रणा अधिक काळ निर्धोक चालतील आणि दाखल्यासाठी दूरवरून आलेल्या माणसाची फेरी वाचेल.